कूलरच्या झिणझिण्या, ढेकूण आणि सासूबाईंचा पलंग

प्रश्न : जळगावातील आमच्या घराचा वरचा मजला आम्ही गेल्या डिसेंबरपासून बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुण दांपत्याला सामानासह भाड्याने दिला आहे. त्याआधी तो सहा महिने रिकामा होता. भाडे दरमहा 11,000 रुपये, अनामत 30,000 रुपये आणि अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार 500 रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर केलेला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी भाडेकरूबाईंचा फोनवर लांबलचक संदेश आला. पलंगात ढेकूण झाले आहेत, कापसाच्या गादीत खड्डे पडले आहेत, लोखंडी कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात, जेवणाचे टेबल डुगडुगते आणि कपाटाचा रंग फार जुनाट वाटतो. तेव्हा सर्व सामान नवे द्यावे, अन्यथा पुढच्या महिन्यापासून 2,000 रुपये कमी देऊ, असे त्यांचे म्हणणे आहे. पलंग माझ्या सासूबाईंचा, सागवानी आहे. यजमान म्हणतात, "चाळीस वर्षे आपण त्याच पलंगावर झोपलो, ढेकूण त्यांनीच आणले असणार, जास्त बोलले तर वरचा नळच बंद करतो." सामानाची यादी आम्ही केली नव्हती. काय उत्तर द्यावे?
— एक वाचक भगिनी, जळगाव

उत्तर : ताई, आपल्या पत्रात पाच तक्रारी एका दमात आल्या आहेत आणि आपण दोघांनीही त्यांना एकच तक्रार समजून घेतले आहे. भाडेकरूंनी सगळे सामान बदलून मागितले आणि यजमानांनी सगळेच नाकारले, याचे मूळ तिथेच आहे. या तक्रारींची किंमत सारखी नाही. त्यांपैकी एकीत जिवाला धोका आहे आणि एक तर तक्रारच नाही.

कूलरपासून सुरुवात करू. हा अंक हाती पडेपर्यंत तो चालूच असेल, तर वाचन थांबवून आधी वर निरोप पाठवा आणि तो बंद करून प्लग काढायला सांगा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना कूलरशिवाय राहा म्हणणे किती जड आहे, हे खान्देशात राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणूनच दुरुस्ती होईपर्यंत आपल्याकडचा एखादा जादा पंखा किंवा भाड्याने आणलेला कूलर वर द्यावा. पत्र्याच्या कूलरमध्ये पाण्यात बुडालेल्या पंपाचे किंवा आतल्या वायरचे आवरण जीर्ण झाले की वीज पाण्यात आणि पत्र्यात उतरते. अर्थिंग धड असेल तर ती जमिनीकडे निघून जाते, नसेल तर ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून जाते. वायरमन आला की स्वतः जवळ उभे राहून दोन गोष्टी पाहा. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन शाबूत आहे का, आणि खिडकीजवळच्या सॉकेटच्या वरच्या छिद्रामागे अर्थिंगची वायर खरोखर जोडलेली आहे का. जुन्या घरांत ते छिद्र पुष्कळदा नुसतेच शोभेचे असते, आणि कुठे तर दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून जाड पिन कापूनच टाकलेली असते. पंप, वायर आणि अर्थिंग यांचा खर्च निर्विवादपणे आपला आहे. शक्य झाल्यास मीटरजवळ 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. मात्र तो अर्थिंगला पर्याय नाही.

याबाबतीत कायदाही स्पष्ट आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 150 नुसार, भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे वापरणाऱ्याचे नुकसान झाले, तर तो दोष आपल्याला ठाऊकच नव्हता असे म्हणून वस्तू देणाऱ्याला सुटता येत नाही. आपल्याला तर आता तो लेखी कळवला गेला आहे.

यजमानांचा नळ बंद करण्याचा विचार त्यांनी पुन्हा तोंडातूनही काढू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 ने भाडेकरूचे पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास घरमालकाला मनाई केली आहे. आपला करार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा केवळ वापरू देण्याच्या परवानगीचा आहे म्हणून हे कलम लागू होत नाही, असा युक्तिवाद एखादा वकील करील; परंतु तो युक्तिवाद ऐकवण्यासाठी भर उन्हाळ्यात वरच्या बिऱ्हाडाचे पाणी तोडून पाहणे शहाणपणाचे नव्हे.

आता आपली खरी अडचण. नोटरीसमोर केलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. याच अधिनियमाच्या कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा त्याहून कमी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते आणि ती पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे असे की, नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. "गादी चांगली म्हणून दाखवली होती," असे त्या म्हणाल्या, तर ती डिसेंबरात कशी होती हे दाखवायला आपल्याकडे ना यादी आहे, ना फोटो.

ढेकणांचा वाद मी म्हणूनच लढवणार नाही. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे ते रिकाम्या घरातल्या पलंगाच्या सांध्यात आधीपासून दबा धरून होते की डिसेंबरात भाडेकरूंच्या अंथरुणातून आले, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पाहायला जाल तेव्हा मोबाइलची बॅटरी लावून पलंगाच्या चौकटीचे कोपरे आणि गादीच्या कडेची शिवण तपासा; शाईचे बारीक ठिपके पडावेत तसे काळे डाग तिथे दिसतील. गादी गच्चीवर कडक उन्हात टाकण्याचा आपल्याकडचा उपाय चांगला आहे, पण जाड गादी आतपर्यंत पुरेशी तापत नाही आणि सांध्यातले ढेकूण तर घरातच राहतात. व्यावसायिक फवारणी करावी लागेल, आणि अंडी फवारणीला सहसा दाद देत नसल्याने साधारण पंधरा दिवसांनी ती पुन्हा करावी लागेल. दोन्हींचा खर्च आपण करा. कपडे काढून ठेवणे, अंथरुणे गरम पाण्यात धुणे हे काम त्यांचे.

गादी नवी आणण्याची गरज दिसत नाही. कापूस दबून गोळे झाले असतील, तर पिंजाऱ्याकडून तो पिंजून, नव्या खोळीत भरून घ्यावा. कापसाच्या मुलखात राहून आपण एवढ्यासाठी फोमची गादी का घ्यावी? मात्र हे काम दुसऱ्या फवारणीनंतरच करा. टेबल सुताराकडे द्या. कपाटाचा रंग त्यांनी घर घेताना पाहिलाच होता, तेव्हा त्याबद्दल नम्र नकार पुरे.

पाहणीला जाताना आदल्या दिवशी वेळ विचारा, आपल्याकडची किल्ली वापरू नका आणि यजमानांना बोलण्यापेक्षा फोटो काढण्याचे काम द्या. त्यानंतर दोन दिवसांत लेखी उत्तर पाठवा. मजकूर साधारण असा असावा :

"आपला संदेश मिळाला. काल आपल्या समक्ष सामान पाहिले. कूलरचा पंप, वायर व अर्थिंग यांचे काम सोमवारपर्यंत करून देतो; तोवर दिलेला पंखा वापरावा. ढेकणांसाठी येत्या रविवारी व त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या खर्चाने फवारणी होईल. त्यानंतर गादी पिंजून देऊ, टेबल सुतार या आठवड्यात दुरुस्त करील. कपाट बदलणे शक्य नाही. भाडे ठरल्याप्रमाणे राहील. मात्र कूलर बंद राहिल्याबद्दल या महिन्यात 500 रुपये कमी घेऊ. सामानाची यादी सोबत जोडली आहे, ती पाहून आपणही सही करावी."

हे 500 रुपये कायद्याने द्यावेच लागतात असे नाही. परंतु 2,000 रुपये परस्पर कापण्याचा अधिकार त्यांनाही नाही, हे सांगताना आपण स्वतःहून काही सोडलेले असले की बोलणे सोपे जाते. यादीत "पलंग 1" एवढेच न लिहिता "पलंग, सागवानी, उजव्या पायाला जुनी चीर" असे लिहा. पुढचा करार मात्र नोंदणीकृतच करा आणि ही यादी त्याला जोडा.

आता सासूबाईंच्या पलंगाविषयी, न विचारता. ज्या वस्तूवर ओरखडा उमटला तर आपल्या मनाला लागेल, ती वस्तू भाड्याच्या घरात ठेवू नये. भाडेकरूने तिला साधा पलंग समजावे हे रास्तच आहे. तो खाली आपल्याकडे आणा आणि वर लोखंडी पलंग द्या. फक्त दुसरी फवारणी होण्याआधी तो जिन्यावरून खाली उतरवू नका, नाहीतर पुढचे पत्र आपल्याच खोलीतील ढेकणांबद्दल असेल.

प्रश्न : मी रेल्वेत नोकरीला असून भुसावळला तीन वर्षे सामानासह भाड्याच्या घरात राहिलो. बदली झाल्याने घर सोडले, तेव्हा सोफ्याचे कापड विरले आणि टेबलाचे पॉलिश गेले म्हणून मालक अनामतीतून 8,000 रुपये कापत आहेत. हे योग्य आहे का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : सोफ्याचे कापड तीन वर्षांच्या बसण्याने विरले असेल, तर नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मध्ये भाडेकरूने जागा मिळाली तशी परत करावी असे म्हणतानाच वापराने होणारी रास्त झीज वगळली आहे, आणि जागेबद्दलचे हे तत्त्व सामानालाही लावणे न्याय्य ठरते. टेबलाचे आपण सांगितलेले नाही. पॉलिश पुसून पुसून गेले असेल तर तीही झीजच. पण त्यावर इस्त्री ठेवल्याचा काळा त्रिकोण असेल, तर तेवढ्या पॉलिशचा खर्च आपण द्यावा. मालकांकडे सुताराचे बिल मागा, आणि ते मिळेपर्यंत वाद नसलेली उरलेली अनामत तरी परत करावी, असे त्यांना लेखी कळवा.