पेडण्यातली (गोवा) लाल चिऱ्याची म्हणजे जांभी माती, सामू (pH) 5.2, दरवर्षी चुना न टाकता कमी खतात येणारे वाण कसे निवडावे?

पाकिटावरच्या उत्पन्नाच्या आकड्यावर जाऊ नका. दोन-तीन वाण स्वतःच्याच शेतात, स्फुरदाच्या (फॉस्फरस) निम्म्या मात्रेवर शेजारी-शेजारी लावा आणि फुलोऱ्याच्या सुमारास रोप खणून मुळे बघा. आपल्या जांभ्या मातीत स्फुरद नसतो असे नाही, तो लोह आणि ॲल्युमिनियमने धरून ठेवलेला असतो. शिवाय सामू 5.5 च्या खाली गेला की विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची टोके खुंटवते. म्हणून ज्या वाणाची मुळे लांब, बारीक आणि भरपूर फुटलेली, तो आपला. मुळे जाड, आखूड, तपकिरी दिसली तर तो वाण सोडा, वर पाला कितीही हिरवा असो.

मोरडीवर (पाणी न साचणारी उंचावरची जमीन) अळसांदे (चवळी) आम्लता बऱ्यापैकी सोसतात. तुरीची मुळे तर असे आम्ल सोडतात की लोहाला चिकटलेला स्फुरदही सुटतो. भाताचे गणित वेगळे: पाणी साचलेल्या शेतात काही आठवड्यांत सामू आपोआप वर येतो, तिथे त्रास होतो तो लोहाचा. ज्याच्या पानांवर तांबूस ठिपके कमी येतात, तो वाण ठरवा. खाजनातला (खाडीकाठची खारी शेती) कोरगुट हा भात खाऱ्या पाण्यासाठी नावाजलेला आहे, तो या कामाला आणू नका.

एक मात्र आहे: असा वाण जमिनीत अडकलेला स्फुरद काढतो, नवा घालत नाही, त्यामुळे शेणखत चालूच ठेवा. आणि वायंगणात (पावसाळ्यानंतरचा हंगाम) भुईमूग घेणार असाल तर शेंगा भरायला कॅल्शियम लागते. तिथे थोडा चुना किंवा जिप्सम टळत नाही.