वाचकांचे प्रश्न : ऑलिव्हिया डी हॅविलँड आणि सात वर्षांचा करार

प्रश्न : ‘गॉन विथ द विंड’मधली मेलनी साकारणाऱ्या ऑलिव्हिया डी हॅविलँड यांनी आपल्याच स्टुडिओला कोर्टात खेचलं, असं वाचनात आलं. पगार चालू होता, नाव झालं होतं, मग भांडण कशाचं?

उत्तर : मुदतीचं. वॉर्नर ब्रदर्सबरोबरचा त्यांचा करार मे 1936 मध्ये सुरू झाला. तेव्हा हॉलिवूडमध्ये सात वर्षांचे करार सर्रास होत, पण ते दोन्ही बाजूंना सारखे बांधत नसत. ठरावीक टप्प्यावर करार पुढे चालवायचा की संपवायचा, हे स्टुडिओ ठरवी. कलाकाराला मात्र मधेच सोडता येत नसे. दिलेली भूमिका नाकारली की निलंबन. मग पगार बंद आणि दुसरीकडे काम करायलाही मनाई. खरी मेख पुढे होती : निलंबनाचा काळ कराराच्या शेवटी जोडला जाई. जितके नकार जास्त, तितकी सुटका लांब.

एरॉल फ्लिन यांच्याबरोबर त्यांनी आठ चित्रपट केले, आणि त्यांतल्या बऱ्याच भूमिका नायकाची वाट पाहणाऱ्या प्रेयसीच्या. मेलनी मिळाली तीही दुसऱ्या निर्मात्याकडे उसनं पाठवलं म्हणून. तिच्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळूनही घरच्या स्टुडिओने भूमिकांचा दर्जा फारसा वाढवला नाही. त्या नकार देत गेल्या, आणि 1943 मध्ये सात वर्षं भरली तेव्हा आणखी सुमारे सहा महिने बाकी असल्याचं त्यांना सांगण्यात आलं.

प्रश्न : याआधी अभिनेत्री बेटी डेव्हिस याच स्टुडिओविरुद्ध हरल्या होत्या. मग या कशा जिंकल्या?

उत्तर : डेव्हिस यांचा 1936 चा खटला लंडनच्या कोर्टात, इंग्लंडच्या कायद्याने चालला. डी हॅविलँड यांचे वकील मार्टिन गँग यांनी कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेतलं कलम 2855 पुढे केलं. व्यक्तिगत सेवेचा करार काम सुरू झाल्यापासून सात वर्षांपलीकडे कामगारावर लादता येत नाही, असं ते सांगतं. स्टुडिओचं म्हणणं होतं, सात वर्षं म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षं. शिवाय मुदतवाढीच्या अटीवर त्यांची सही आहे. कोर्टाने दोन्ही मुद्दे फेटाळले. वर्षं मोजायची ती कॅलेंडरची. आणि हे संरक्षण लोकहितासाठी असल्याने कामगाराला ते सही करून सोडून देता येत नाही. आमच्या मते हा दुसरा मुद्दाच निकालाचा कणा आहे. तो नसता तर प्रत्येक करारात एक ओळ वाढवून स्टुडिओ मोकळे झाले असते.

दावा ऑगस्ट 1943 चा. मार्च 1944 मध्ये त्या जिंकल्या, डिसेंबरमध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला आणि फेब्रुवारी 1945 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. तोवर वॉर्नरने इतर स्टुडिओंना पत्रं पाठवून त्यांचे दरवाजे बंद केले होते. या काळात त्या अलास्काच्या बाजूला आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये जखमी सैनिकांना भेटत फिरल्या. हरल्या असत्या तर नट्यांच्या त्या पिढीत परत उभं राहणं अवघड होतं. हे धाडस लहान नव्हतं.

मात्र ‘त्यांनी स्टुडिओपद्धत (कलाकार करारात आणि चित्रगृहं मालकीत ठेवण्याची रीत) मोडली’ हे विधान जरा सैल आहे. कायदा आधीपासून होता. त्यांनी त्याचा अर्थ पक्का करून घेतला. चित्रगृहांची मालकी स्टुडिओंच्या हातून सुटली ती पॅरामाउंट या स्टुडिओविरुद्धच्या 1948 च्या निकालामुळे, आणि नंतर टेलिव्हिजन आला.

प्रश्न : त्यांचे कोणते चित्रपट आधी पाहावेत?

उत्तर : ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ (1938) पाहा आणि लगेच ‘द हेअरेस’ (1949). पहिल्यात करारातली नायिका दिसते, दुसऱ्यात स्वतः निवडलेली भूमिका. त्यातल्या कॅथरीनचा आवाज शेवटाकडे कसा कोरडा, थंड होत जातो, तिकडे कान द्या. त्याबद्दल त्यांना दुसरं ऑस्कर मिळालं. पहिलं ‘टू ईच हिज ओन’साठी (1946). दोन्ही ऑस्कर खटल्यानंतरची. ‘द स्नेक पिट’साठी (1948) त्यांनी मनोरुग्णालयांत जाऊन उपचार प्रत्यक्ष पाहिले होते.

प्रश्न : तो निकाल आजही लागू आहे का?

उत्तर : हो. अभिनेत्यांच्या करारांना ती मर्यादा आजही आहे. गायक-वादकांच्या बाबतीत 1987 च्या दुरुस्तीने मोठा फरक पडला : सात वर्षांनी कलाकार निघून जाऊ शकतो, पण करारातले अल्बम द्यायचे राहिले असतील तर कंपनी नुकसानभरपाई मागू शकते.