परत घातलेल्या घड्या

"मॅडम, मी घर आवरत पुढे जाते आणि ही दोघं ते विस्कटत मागून येतात. सांगून सांगून घसा बसला."

खुर्चीत बसता बसता या आईने एवढं सांगून टाकलं. घर डोंबिवलीला, वन बीएचके. नोकरी मुंबईत, सकाळी लोकल पकडायची, परत यायला साडेसात. घरात नवरा, सासूबाई, ११ वर्षांचा मुलगा आणि ६ वर्षांची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) माझ्याकडे समुपदेशनाला बऱ्याच जणी दुसरंच काहीतरी घेऊन येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत पसाऱ्यावर येतात. या थेट पसाऱ्यावर आल्या, तेवढा वेळ वाचला.

उपाय करून झाले होते. फ्रिजवर तक्ता, तक्त्यावर चांदण्या. त्याचं नवल आठ दिवस टिकलं. मग एका कामाला पाच रुपये. पहिला आठवडा घर लख्ख! दुसऱ्या आठवड्यात आजीने पाणी मागितलं, तर थोरल्याने विचारलं, "याचे किती?" त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

त्यांना वाटलं पोरगा हावरट निघाला. मला तसं वाटत नाही. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू १८ महिन्यांचं मूलही न सांगता उचलून देतं. २००८ मध्ये त्यांनी २० महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला. ज्यांना मदतीबद्दल बक्षीस दिलं होतं ती मुलं बक्षीस बंद झाल्यावर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांची मदत टिकली. या घरातही मदतीला भाव मोठ्यांनीच लावला होता, पोरगा फक्त हिशेब विचारत होता.

पुढच्या भेटीला थोरला आला. पाय हलवत, खिडकीबाहेर बघत.

"घरातलं कुठलं काम तुला चांगलं जमतं?"

"कपड्यांच्या घड्या."

"मग घालतोस?"

"घालायचो. पण आई रात्री परत घालते."

"अरे, बाह्या बाहेर लोंबत असतात!" आई पटकन म्हणाली, आणि मग थांबली. मीही काही बोलले नाही. असं कुणी आपल्याशी ऑफिसात केलं असतं, तर आपण त्या कामाला पुन्हा हात लावला असता का, हे त्यांच्या चेहऱ्यावरच उमटलं होतं.

मी त्यांना एकच काम दिलं. महिनाभर त्याच्या घड्यांना हात लावायचा नाही.

"कपाट उघडलं की जीव कासावीस होईल हो."

"होईल. दार लावून घ्या."

दहाव्या दिवशी फोन. टी-शर्टांचं गाठोडं झालंय, काय करू? म्हटलं, काहीच नको. त्याच आठवड्यात तो चुरगळलेला शर्ट घालून शाळेत गेला, मित्र हसले, आणि संध्याकाळी घडी कशी घालायची ते विचारायला आजीकडे गेला. "मुलाला कसल्या घड्या घालायला लावतेस" म्हणणारी हीच आजी. मी तिच्यासाठी एक वेगळी भेट राखून ठेवली होती, ती लागलीच नाही. आता घरात मटार आले की ती दोन्ही नातवंडांना समोर बसवते आणि सोलायला लावते.

धाकटीचा प्रश्न वेगळा होता. "खोली आवर" हे मोठ्या माणसाला एक काम वाटतं, सहा वर्षांच्या मुलीला ती चाळीस कामं असतात आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. "गाड्या निळ्या टोपलीत टाक" हे तिला कळतं. आईला मी सांगितलं, घरात शिरल्यावर पाच मिनिटं जमिनीवर बसा आणि तिच्या उंचीवरून घर बघा. बसल्यावर दिसलं की दप्तराची खुंटी आईच्या खांद्याएवढी उंच आहे. वर्षभर "दप्तर जमिनीवर टाकू नकोस" चाललं होतं, आणि पोरीचा हातच तिथवर पोचत नव्हता! मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, तिथे टेबलखुर्च्या मुलांच्या मापाच्या होत्या. आपल्याला एक खुंटी खाली आणायची होती. ती आली. अर्धी खेळणी माळ्यावर गेली, महिन्याने अदलाबदल. कमी खेळण्यांत ती जास्त वेळ खेळू लागली, हे मात्र आईच्या अपेक्षेत नव्हतं.

शेवटच्या भेटीत सगळे होते. धाकटीने मध्येच विचारलं, "फ्रिजवर बाबांचा तक्ता का नव्हता?" बाबा हसले. दुसरं कुणी हसलं नाही. मग म्हणाले, रात्रीची ताटं आणि ओटा माझ्याकडे. मी विचारलं, रोज की शनिवार-रविवार? या प्रश्नाशिवाय मी कुणालाच सोडत नाही. रोज, असं ठरलं.

परीक्षेच्या दिवसांत घड्या बंद पडल्या. "अभ्यास कर, बाकी राहू दे" असं आपण सगळेच म्हणतो. मीही माझ्या मुलाला म्हटलं होतं, आणि तो हॉस्टेलला गेल्यावर त्याच्या खोलीचे फोटो बघून पस्तावले. दहा मिनिटांच्या घड्यांनी कुणाचे मार्क जात नाहीत. एवढं बोलून पुन्हा सुरू करायला लावल्या.

परवा त्या बाईंचा मेसेज आला. बाह्या अजून लोंबतात. धाकटी दप्तर अडकवते, आठवड्यातले निदान चार दिवस तरी. दारातल्या चपलांचं मात्र अजिबात जमलेलं नाही. सोबत फोटो होता. मी मोठा करून पाहिला. आडव्यातिडव्या पडलेल्या चार जोड्यांपैकी तीन बाबांच्या मापाच्या होत्या.