जुनी यामाहा एसआर ५०० (एका सिलेंडरची मोटरसायकल) हलकी आणि चपळ करायची आहे. आधी इंजिनला हात घालू की वजनाला?

आधी वजनाला. पिस्टन आणि कॅमची (इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा) यादी तुम्ही काढून ठेवली आहे, ती तूर्त बाजूला ठेवा. समजा गाडी १७० किलो, तुम्ही ७० किलो आणि इंजिन ३० अश्वशक्तीचं. वीस किलो उतरवले की पिकअपमध्ये जवळजवळ पावणेतीन अश्वशक्ती वाढल्यासारखा फरक पडतो. शिवाय ब्रेक आणि वळणं सुधारतात, ते कॅम बदलून होत नाही.

सुरुवातीला दोन वजनकाटे घ्या आणि दोन्ही चाकांखालचं वजन वेगवेगळं लिहून ठेवा. मग काढलेला प्रत्येक भाग काट्यावर टाका. मूळ सायलेन्सर, सेंटर स्टँड, स्टीलचे मडगार्ड, जाड सीट आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी यांतच बरंचसं वजन सापडतं. पुढचा पैसा अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर घाला. फिरणारं आणि स्प्रिंगखालचं वजन कमी झालं की फरक हँडलला लगेच कळतो. लिथियम बॅटरी बसवण्याआधी वाढलेल्या आरपीएमला चार्जिंग व्होल्टेज मोजा. ते १४.६ व्होल्टच्या आत हवं. जुना रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) १५ च्या वर जात असेल तर आधी तो बदला.

ग्राइंडर उचलण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: एसआर ड्राय संपची गाडी आहे, म्हणजे ऑइल इंजिनच्या तळाशी साठत नाही; ते फ्रेमच्या नळीतच असतं. त्या नळीला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. आत गेलेला लोखंडाचा भुगा ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचू शकतो. मागची सब-फ्रेम (सीटखालचा फ्रेमचा भाग) कापून लूप (टोकाला जोडायची वाकवलेली नळी) लावायचा असेल तर शॉकअपची स्प्रिंग काढा, चाक वरच्या टोकापर्यंत उचला आणि मगच लूपची जागा ठरवा. टायर आणि लूपमध्ये १५ ते २० मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. गाडी स्टँडवर असताना नुसत्या डोळ्याने माप घेतलं, तर पहिल्याच खड्ड्यात टायर लूपला घासतो.

लांब शॉकअप लावून मागचा भाग उंच करण्याची फॅशन आहे. १४०० मिमीच्या व्हीलबेसवर मागून २५ मिमी उचललं की स्टिअरिंगचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो आणि ट्रेलही (स्टिअरिंगची रेषा जमिनीला टेकते तिथपासून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) घटतो. तेवढ्याने गाडी वळणात पटकन पडते, ते चांगलंच. उंची पन्नास मिमीच्या पुढे नेलीत तर सरळ रस्त्यावर हँडल अस्वस्थ होतं. वजन उतरल्यावर मूळ स्प्रिंगा कडक वाटतील, म्हणून तुम्ही बसल्यावरचा सॅग, म्हणजे गाडी किती दबते ते, मोजा. तो सस्पेन्शनच्या एकूण ट्रॅव्हलच्या (चाकाच्या वरखाली हालचालीच्या) पाव ते एक-तृतीयांश हवा.

आता एअर फिल्टर. उघडा कोन फिल्टर दिसायला झकास, पण एअरबॉक्समधल्या शांत हवेवर कार्ब्युरेटर जुळवलेला असतो. बॉक्स काढला की मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि गाडी मध्येच मिस मारते. माझं मत विचाराल तर बॉक्स ठेवा आणि तोंड मोठं करा. कोन लावायचाच असेल तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) मुद्दाम दोन-तीन नंबर मोठा घ्या आणि एकेक नंबर खाली या. बंद रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या आणि किंचित सोडा. सोडताना गाडी अजून ओढली तर मेन जेट लहान आहे. पाव ते पाऊण थ्रॉटलमधली कुरकुर कार्ब्युरेटरमधल्या सुईची क्लिप वरखाली करून जाते. ती मेन जेटने घालवायला गेलात तर दिवस वाया जाईल. वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) मिळाला तर पूर्ण थ्रॉटलला ते प्रमाण १२.८ ते १३.२ धरा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये प्लगच्या रंगावर फार विसंबू नये.

या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट (थरथर कमी करणारा दांडा) नाही. त्यामुळे नंबर प्लेट आणि हेडलाइटच्या पातळ पट्ट्या हमखास तडकतात, आणि त्या बहुधा वेल्डिंगच्या कडेला किंवा काटकोनी आतल्या कोपऱ्यात तडकतात. कोपरे गोल ठेवा, मध्ये रबर द्या, नटांना थ्रेडलॉक (नट सैल होऊ न देणारा गोंद) लावा. टाकी थेट फ्रेमवर कधीही कसू नका.

पिकअप अजून हवा असेल तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात लहान करा. १६ चे १५ केले की गिअरिंग साधारण सहा टक्क्यांनी खाली येतं. चेनची ओढ पुन्हा जुळवा, आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर इंजिन माउंटचे बोल्ट पुन्हा कसा.