विक्रीपत्राची भाषा इतकी अवघड असणं कायद्याने बंधनकारक आहे का?

नंदनवनातल्या घराच्या विक्रीपत्राचा मसुदा तुम्ही दोनदा वाचला, काही उमगलं नाही, आणि मसुदा लिहिणारे म्हणाले, ‘कायद्याला हीच भाषा लागते.’ हे खरं का, असा तुमचा प्रश्न आहे.

खरं नाही. मी नागपुरात दिवाणी वकिली करतो, असे दस्त रोज हाताखालून जातात. घराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते, मुद्रांक शुल्क भरावं लागतं, खसरा क्रमांक (जमिनीचा सरकारी नोंदीतला क्रमांक) आणि चतुःसीमा नीट लागतात. वाक्यं कशी असावीत, याची सक्ती कुठेच नाही.

तुमच्या मसुद्यात ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ असं बहुधा असेलच. वाचणाऱ्याला वाटतं, यातलं काही गळलं तर अंगणातला आंबा विकणाऱ्याकडेच राहील. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ८ प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर जमिनीला जोडलेलं सगळं आणि तिच्यासोबतचे वहिवाटीचे हक्क आपोआप घेणाऱ्याकडे जातात. उलट ‘निधी’ लिहिलं म्हणून जमिनीत सापडलेलं गुप्तधन तुमचं होत नाही. त्यासाठी १८७८ पासून वेगळा कायदा आहे आणि त्यात जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मग हे शब्द टिकले कसे? जुना दस्त कोर्टात टिकला, म्हणून त्याचीच नक्कल पुढे चालत आली. नवं लिहिलं आणि उद्या वाद झाला तर बोल आपल्यावर येईल, ही धास्ती लिहिणाऱ्याला असते.

मला खरी काळजी वेगळ्या कलमाची वाटते. ‘सदर मालमत्तेबाबत कोणताही तंटाबखेडा उपस्थित झाल्यास त्याचे निवारण लिहून देणार यांनी स्वखर्चाने करावयाचे असून त्याची तोशीस लिहून घेणार यांस लागू देणार नाहीत.’ हे असं लिहून पाहा: ‘या घरावर पुढे कोणी हक्क सांगितला, तर विकणारा स्वतःच्या खर्चाने तो वाद मिटवेल.’ लगेच विचारावंसं वाटतं, नाही मिटवला तर? घर हातचं गेलं तर पैसे परत मिळतील का, किती, व्याजासह का? मूळ वाक्य यावर काहीच बोलत नाही, पण त्याच्या भारदस्तपणात ते लक्षातच येत नाही. सोप्या भाषेचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

सगळेच जुने शब्द टाकायचे, असं मात्र माझं म्हणणं नाही. ‘विक्रीचा करारनामा’ आणि ‘विक्रीपत्र’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: नुसत्या करारनाम्याने घरात तुमचा मालकी हक्क निर्माण होत नाही. असे शब्द तसेच राहू द्या, शेजारी एका ओळीत अर्थ लिहा.

मराठीत लिहिलं की आपोआप सोपं होतं, हाही भ्रम आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली, तरी तिथले अर्ज वाचताना पक्षकाराला घाम फुटतोच. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात राज्यघटनेच्या कलम ३४८ मुळे कामकाज इंग्रजीत चालतं, तो प्रश्न आणखी वेगळा. पण २०२२ मध्ये स्टेट बँक विरुद्ध अजयकुमार सूद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल समजेल अशा भाषेत लिहिण्याबद्दल न्यायाधीशांनाच बजावलं आहे. मग दस्त लिहिणाऱ्यांनी का मागे राहावं?

तुम्ही एवढं करा. मुद्रांक घेण्याआधी मसुदा हातात मागा आणि प्रत्येक कलमापाशी थांबून विचारा: हे कोण करणार, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय? उत्तर तोंडी मिळालं तर तेच वाक्य दस्तात घालायला सांगा. दुय्यम निबंधक कार्यालयात तुमची ओळख पटवतात, दस्त तुम्हीच करून दिला ना, हे विचारतात. त्यातल्या अटी तुम्हाला समजल्या का, हे तपासणं त्यांचं काम नाही. म्हणून हे सगळं नोंदणीच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी उरका.