वाचक विचारतात: चेंबरमध्ये डोळ्यांदेखत घडलं तर

प्रश्न: आम्ही एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर आहोत. कॉन्फरन्स (अशिलांसोबतची बैठक) संपली की सर आमच्यातल्या एकीच्या खांद्यावर हात टाकतात, तिच्या कपड्यांवर बोलतात. बाकीचे आम्ही तिघे फायलीत डोकं घालून बसतो. ती तक्रार करायला अजून तयार नाही. आम्ही काय करावं?

उत्तर: त्या क्षणी सरांशी वाद घालायलाच हवा असं नाही. ‘उद्याच्या बोर्डावरची (म्हणजे उद्या कोर्टात लागणाऱ्या कामाची) फाईल सापडत नाहीये, जरा येतेस का?’ एवढं म्हणून तिला खोलीबाहेर काढता येतं. नंतर ती एकटी असताना सांगा, की तुम्ही ते पाहिलं आहे, आणि तिला काय हवंय ते विचारा. तिला न विचारता तिचं नाव घेऊन सरांकडे जाऊ नका. तिला मिळणारे ब्रीफ (खटल्यांची कामं) बंद होतील आणि तुमच्या हाती काही लागणार नाही.

त्याच रात्री टिपण लिहा: तारीख, वेळ, कोण कुठे बसलं होतं, हात कुठे ठेवला, ती काय म्हणाली, मध्येच कोण आत आलं. ‘अश्लील बोलले’ असं लिहून भागत नाही, उलटतपासात ते पहिल्या प्रश्नालाच कोसळतं. नेमके शब्द लिहा. टिपण स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवून ठेवा, म्हणजे तारीख पक्की होते. चेंबरच्या संगणकावर नको. तिघांनी वेगवेगळं लिहा. शब्द न् शब्द जुळणारी तीन टिपणं पढवलेली वाटतात, बारीक तफावतींनी मात्र सहसा बिघडत नाही.

मुदतीकडे लक्ष ठेवा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. कारण नोंदवून तक्रार ऐकणारी समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. ‘बघू’ म्हणण्यातच हे दिवस जातात. तिला स्वतः तक्रार देणं शक्य नसेल, तर तिच्या लेखी संमतीने घटनेची माहिती असलेली व्यक्ती ती देऊ शकते. तक्रारीच्या ६ प्रती, जोडीला कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते लागतात.

स्वतःहून पुढे यायची भीती वाटते? तिला तुमचं नाव साक्षीदारांच्या यादीत घालू द्या. साक्षीदाराला हजर राहायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला आहेत. ‘समन्स आलं म्हणून गेलो’ हे वाक्य वकिलांच्या छोट्या वर्तुळात बरंच कामाला येतं. तरी साक्षीदाराच्या कामाला या कायद्यात वेगळं संरक्षण नाही, हे धरूनच ठरवा.

प्रश्न: चेंबरमध्ये आम्ही चारच जण, स्टायपेंडही नाही. तक्रार कुठे द्यायची? आणि त्रास देणारा दुसऱ्याच चेंबरचा वकील असेल तर?

उत्तर: १० पेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पैसे मिळत नाहीत म्हणून अडत नाही. प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणारेही ‘कर्मचारी’च्या व्याख्येत येतात.

दुसऱ्या चेंबरच्या वकिलाचं प्रकरण अवघड आहे. बार कौन्सिल (वकिलांची नियामक संस्था) वकिलांची मालक नाही, त्यामुळे वकिलांच्या आपसातल्या तक्रारींसाठी तिला या कायद्याखाली समिती नेमायला लावता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं. आमच्या मते इथे मोठी पोकळी राहते. उरतं ते वकील अधिनियम, १९६१ चं कलम ३५: राज्य बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार. शिक्षा ताकिदीपासून सनद रद्द होण्यापर्यंत. पोलिसांत जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाचं कलम ७५ आहे.

प्रश्न: सिद्ध झालं नाही तर खोट्या तक्रारीचा ठपका बसेल?

उत्तर: नाही. नुसतं सिद्ध करता न येणं पुरेसं नाही. दुष्ट हेतू होता हे वेगळ्या चौकशीत ठरावं लागतं. समितीपुढे दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, पण समोरचा स्वतःच मुरलेला वकील असतो. म्हणून त्याचे प्रश्न लेखी घेऊन अध्यक्षांमार्फत विचारावेत, असा अर्ज पहिल्याच तारखेला द्या.