अपडेटनंतर हॅकरने काय जपावे
सायबरपंक 2077 हा व्हिडिओ गेम लपतछपत आणि हॅकिंगच्या बळावर खेळायचे असेल, तर एखाद्या मित्राने दिलेली जुनी बिल्ड (पात्राच्या कौशल्यांची ठरलेली मांडणी) तशीच उचलू नका, कारण सप्टेंबर 2023 च्या 2.0 अपडेटने पर्कची (गुण खर्चून मिळणाऱ्या खास क्षमतांची) रचना मुळापासून बदलली आणि चिलखताचे संरक्षण प्रामुख्याने कपड्यांवरून सायबरवेअरकडे (शरीरात बसवलेल्या यंत्रांकडे) नेले. याहून महत्त्वाचे म्हणजे, क्विकहॅक (दुरून शत्रूवर वा यंत्रावर केलेले झटपट हॅक) वापरल्यावर शत्रू तुमचा माग काढू शकतो. त्यामुळे एकाच कोपऱ्यात बसून सगळ्यांना निवांत टिपण्याची सवय सोडावी लागते. रॅम (हॅकसाठी खर्च होणारी क्षमता) संपल्यावर आरोग्य खर्चून हॅक चालवू देणारा ओव्हरक्लॉक हा पर्क मला सर्वांत मोलाचा वाटतो, मात्र त्यासाठी बुद्धिमत्ता हा गुणधर्म 15 पर्यंत न्यावा लागतो. पर्कवर खर्चलेले गुण परत मिळतात, पण बुद्धिमत्तेसारख्या मूळ गुणधर्मांचे पुनर्वाटप एकदाच करता येते.